जनरेटरची चावी

जनरेटर मी निवडला. गावात धनराज सांगत फिरते की त्यानं निवडला, म्हणून हे आधी लिहून ठेवते. धनराज माझा मुलगा, चाळिशीला आला. त्याच्या नावावर आजवर एकच चांगली निवड आहे, त्याची बायको ललिता. ते स्थळ बी मीच पाहिलं होतं.

जनरेटर लागला तो त्याच्या बापासाठी. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाई, पण लिहिताना तोंड उघडावं लागत नाई, म्हणून लिहिते: बिरजू. माजरीच्या कोळसा खाणीत त्यानं तीस वर्षं डंपर चालवला आन् तीस वर्षं बिडी ओढली. डंपर सुटला तवा पेन्शन मिळाली. बिडी सुटली तवा नाकात नळी आली. आता आम्ही चिमूरजवळ आपल्या गावी राहतो. त्याच्या खाटेपाशी विजेवर चालणारी हवेची मशीन असते. ती खोलीतली हवा ओढते, त्यातला ऑक्सिजन गाळून त्याले देते आन् उरलेली हवा आम्हाले ठेवते.

दमाबरोबर त्याचा आवाज बी गेला. एकेकाळी डंपरवरून हाक मारली तर खालचे लोक बाजूला होत. आता तो बोलते ते ओठातल्या ओठात. मले तेवढं ऐकू येते, दुसऱ्या कोणाले नाई. म्हणून घरात जो तो मलेच विचारते, "बाबा काय म्हनते?" मग मी मले पटन ते सांगते. घर असंच चालते.

माघ लागला तसा तो एकच शब्द बोलू लागला. कचारगड.

आम्ही गोंड. देवाले आम्ही पेन म्हणतो. आमचे पेन कचारगडच्या गुहेतून बाहेर आले, म्हणून माघ पुनवेले त्या गुहेपाशी यात्रा भरते. लांबलांबून लोक पिवळे फेटे बांधून येतात आन् चार-पाच दिवस डोंगराखाली मुक्काम करतात. बिरजू लहानपणापासून जाई. नळी लागली तवापासून सहा वर्षं घरात. या वर्षी त्यानं पेटीतून पिवळा फेटा काढला, मांडीवर ठेवला आन् सोडून सोडून घडी करत बसला. मी पेटीत ठेवला की दुपारी परत मांडीवर.

डॉक्टरले विचारलं. तो म्हणाला, "न्या. पण ही मशीन चालू राहिली पाहिजे. प्रवासापुरता छोटा सिलेंडर आहे, तो दोन-अडीच तास पुरते. त्याच्या भरवशावर मुक्काम करू नका." डोंगराखाली मैदान आहे. मैदानात विजेचं बटन नाई.

धनराजनं शाळेची पोरं नेणारी जुनी गाडी घेतली होती. तिच्या सीटा काढल्या. एका अंगाले बापाची खाट ठोकली, दुसऱ्या अंगाले आमची फळी, मागं शेगडी आन् पाण्याचा ड्रम. ललिता तिले कॅराव्हॅन म्हणते. तिनं मोबाईलवर पाहिलं की विदेशातले म्हातारे घरदार विकून अशाच गाडीत राहायले जातात. मी म्हटलं, त्याहीच्या सुना कशा असतीन पाय. ती हसली. गाडीच्या पाठीवर 'सावकाश, मुले आहेत' लिहिलेलं आहे, ते आम्ही पुसलं नाई. आतल्या मुलांचं वय मिळून दोनशे होते.

राहिला जनरेटर. तो घ्यायले आम्ही वडसाले गेलो. हिवाळाभर वडसाच्या नाटक कंपन्या गावोगावी मंडप टाकतात, म्हणून जनरेटर जाणणारे लोक तिथीच. ललिताचा मावसभाऊ निकेश एका कंपनीत लाईटचं काम पाहते. त्याले सोबत घेतलं. घरी बिरजूजवळ शेजारची अंजनाबाई बसली होती आन् मशीनच्या पाठीवरचा आकडा मी कागदावर उतरवून आणला होता. चारशे वॅट. वॅट म्हणजे काय ते मले माहीत नव्हतं, पण चारशे माहीत होतं.

दुकानदारानं आधी मोठा लालभडक जनरेटर दाखवला.

"आजी, हा न्या. अख्खा लग्नाचा मांडव उजळते. वरतून डीजे बी चालते."

"माझं लग्न झालं," मी म्हटलं.

तरी त्यानं चालू केलाच. दुकानाचं शटर थडथडू लागलं आन् काऊंटरवरचा त्याचाच चहा सांडला. बंद केल्यावर बी धनराज ओरडूनच बोलत होता.

दुसरा स्वस्त होता. धनराजले लगेच आवडला. निकेशनं त्याले एक बल्ब लावून दाखवला. बल्ब उजळे, मंद होये, परत उजळे.

"बाई, याची वीज उड्या मारते," निकेश म्हणाला. "बल्ब सहन करते. दवाखान्याची मशीन नाई करनार."

"आमच्या घरात उड्या मारनारा एक हाये," मी म्हटलं आन् धनराजकडं पाहिलं. दुसरा बी बाद.

तिसरा बंद सुटकेससारखा होता, वर मूठ. त्याच्या आत वीज सारखी करायचं यंत्र आहे म्हणे. बल्ब लावला तर दिव्याच्या ज्योतीसारखा ठाम. पाटी हजार वॅटच्या वरची होती, म्हणजे चारशे देताना त्याले धाप लागणार नाई. धाप म्हणजे काय ते मले चांगलं माहीत आहे. मग मी ललिताले तो उचलायले लावला. बावीस किलो. तिनं उचलला आन् ठेवला. धनराजनं उचलला आन् कण्हला.

"एक गोष्ट डोक्यात ठेवा," निकेश म्हणाला. "हे गाडीच्या आत कधीच चालवाचं नाई. खिडकीखाली बी नाई. याचा धूर दिसत नाई, पन मानूस झोपला का झोपलाच. गाडीपासून बारा पावलं दूर ठेवा, वारा गाडीकडून तिकडं जात असन असा, आन् धुराचं तोंड पलीकडं."

"बारा पावलं कोनाची? तुझी का माझी?"

"तुमची धरा, बाई."

मी दुकानातून बारा पावलं मोजत बाहेर रस्त्यावर गेली. सायकलवाला घंटी वाजवत होता, त्याले थांबवलं. ललिताले म्हटलं, "जनरेटर चालू ठेव. तू माझ्याजवळ ये आन् तुझा सासरा बोलते तेवढ्याच आवाजात काही बोल."

दुकानदार म्हणाला, "आजी, लोक मायलेज पाहतात, वॉरंटी पाहतात…"

"तू चूप राय."

ललिता आली. ओठ जरासे हलवले. मले सगळं ऐकू आलं. ती म्हणाली होती, "आत्याबाई, पुरे करा आता, सारा बजार पाहून राह्यला."

"ऐकू आलं," मी म्हटलं. "हाच दे."

घरी आणला, त्या दिवशी दुपारी हवेची मशीन लावून चार तास चालवून पाहिला. मशीननं हूं का चूं केलं नाई. बिरजू नळी लावून आंगणात बसला, फेट्याची घडी करत.

मग आला तो बांधायचा प्रश्न. यात्रेत देव येतात तसे चोर बी येतात. धनराजनं गाडीच्या पाठीमागं लोखंडी पिंजरा वेल्डिंग करून घेतला. जाळीचा केला, म्हणजे पेट्रोलची वाफ कोंडणार नाई. खाली जुन्या टायरचं रबर अंथरलं, वरतून पट्टा कसला. गाडी हलवून पाहिली, जनरेटर हलला नाई. बाहेर काढून चालवायचा तवा झाडाले बांधायले मी रेड्याची साखळी दिली. रेडा पळायचा. मग रेडा विकला, साखळी ठेवली. पिंजऱ्याले आन् साखळीले एकच कुलूप लागे असं केलं. त्याच्या दोन चाव्या आल्या.

"एक माझ्यापाशी देजो," धनराज म्हणाला.

"दोन चाव्या म्हंजे दोन मालक," मी म्हटलं आन् दुसरी चावी विहिरीत टाकली. पहिली कमरेले खोचली. जो निवडन तो सांभाळन.

"माय, तू हारपवली तं?"

"मी आजवर काय हारपवलं?"

त्यानं बापाकडं पाहिलं. बाप फेट्याकडं पाहत होता.

निघायच्या दिवशी पहाटे मी एकटीच उठली. आमच्यात नवी वस्तू कामाले लागायच्या आधी तिले मोहाच्या दारूचे थेंब देतात. नवा नांगर असो, मडकं असो, पुरखे आन् धरती आधी चाखतात, मग माणूस वापरते. घरात मोठी मी, म्हणून ते माझं काम. खरं तर आम्ही ते यात्रेच्या जागी करतो. पण वाटेत वडसा लागते आन् वडसा गडचिरोली जिल्ह्यात. तिथी दारूबंदी आहे. पोलिसानं गाडी थांबवून बाटली धरली तर मी त्याले पुरखे कसे समजावू? म्हणून घरीच उरकायचं ठरवलं.

धरतीवर थेंब सोडले. गाडीच्या चारही चाकांवर सोडले, कारण गाडी रस्त्यावर चालते ती चाकानं. मग पिंजरा उघडला. जनरेटरच्या आंगावर शिंपडणार होती, पण हात थांबला. नांगराचं काम फाळानं होते म्हणून फाळावर देतात. चाकाचं चाकावर. हा तर पिऊन काम करणारा. याले तोंड आहे. ज्याले तोंड आहे त्याच्या पाठीवर देणं म्हणजे पाहुण्याच्या डोक्यावर चहा ओतणं. मी झाकण फिरवलं आन् तोंडातच दिली. थेंबभरच द्यायची होती. पण धनराजच्या बापाचा श्वास याच्यावर राहणार म्हटलं तर हात आखडता येईना. बाटलीत जेवढी होती तेवढी गेली. झाकण लावलं, कुलूप लावलं, चावी खोचली. कोणी विचारलं नाई आन् मी सांगितलं नाई.

बिरजूले सिलेंडर लावला आन् निघालो. ब्रह्मपुरीच्या पुढं वैनगंगेचा पूल आला तवा तो खिडकीशी सरकला. वडसा मागं पडलं. अर्जुनीच्या रस्त्याले जंगलात गाडी थांबवली, कारण सिलेंडरचा काटा लाल पट्टीच्या जवळ आला होता आन् मशीन लावायची वेळ झाली होती. मी कुलूप उघडून दिलं. धनराजनं जनरेटर बाहेर काढला, बारा पावलं मोजली, सागाच्या झाडाले साखळी घातली. ललितानं केबल जोडली. धनराजनं दोरी ओढली.

फुर्र.

परत ओढली. फुर्र. वीस वेळा ओढली. जनरेटर फुरफुरे आन् गप्प बसे, लहान पोरगं जेवताना करते तसं.

"घरी तं चालला ना," ललिता म्हणाली.

धनराजनं दुकानदाराले फोन लावला. फोन मी हिसकावला. "काऊन रे, आजी आजी करत कोनता सडका माल गळ्यात मारला? माझ्या मानसाचा श्वास अटकून राह्यला न तू तिथी चहा पिऊन राह्यला!" खरं सांगते, तोवर माझ्या मनात काहीच नव्हतं. मी मनापासून बोलत होती.

तो म्हणाला, परत आणा, कंपनीत पाठवतो, आठ दिवस लागतीन. पुनव परवावर होती.

मग निकेशले फोन लावला. तो म्हणाला, "झाकण उघडून पेट्रोल पाहा. वास घ्या."

धनराजनं झाकण उघडलं. वास घेतला. थांबला. परत घेतला. ललिताले बोलावलं. तिनं वाकून वास घेतला आन् उभी राहिली.

"याले मोहाचा वास येऊन राह्यला," ती म्हणाली.

तवा मले पहाट आठवली. मी सागाच्या झाडाकडं पाहू लागली. चांगलं झाड होतं.

"पंपवाल्यानं केलं हे!" धनराज पेटला. "भेसळ करतात साले. कालच याच्यात त्याचं पेट्रोल टाकलं होतं. चला मागं. त्याची कॉलरच धरतो."

"अन् यात्रा?" ललितानं विचारलं.

"कशाची यात्रा? सिलेंडरचा काटा पाय. वडसाले कोनाच्या घरी मशीन लावू, बाबाले दम येऊ देऊ, न घरी. फुडच्या वर्षी पाहू."

पुढचं वर्ष. आमच्या घरात ते कोणी म्हणत नाई. धनराज बोलून गेला. गाडीच्या दारात बिरजू बसला होता. त्यानं मांडीवरचा फेटा उचलला, नीट घडी केली आन् उशीखाली सरकवला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यानं तो स्वतः ठेवला.

मग त्यानं माझ्याकडं पाहिलं. एवढ्या वर्षांत त्या माणसाले मी काय करते ते कधी कळलं नाई, आन् त्या दिवशी पाहता पाहता कळलं. बाटली त्याच्याच खाटेखाली असे. ओठ हलले.

"बाबा काय म्हनते?" धनराजनं विचारलं.

तो म्हणाला होता, "सांग, मी टाकली. मले काय बोलनार ते."

मी तोंड उघडलं. सांगणं सोपं होतं. आजवर त्याच्या नावावर मी काय काय सांगितलं त्याचा हिशेब नाई. त्याले म्हशी विकायच्या नव्हत्या, मी सांगितलं विका. त्याले टीव्ही पाहिजे होता, मी सांगितलं नको म्हनते. हे एक त्यानं स्वतः दिलं होतं, आयतं. पोरगं बापावर दोन मिनिटं चिडलं असतं, मग विषय संपला असता.

पण या एका गोष्टीत मले खोटं सांगता येईना. निवडला मी, सांभाळला मी, पाजली मी, आन् नाव त्याचं?

"तो म्हनते का त्यानं टाकली," मी म्हटलं. "खोटं बोलते. त्याले झाकण फिरवाचा दम कुठी हाये? अन् चावी कोनापाशी होती?"

रस्त्यावरून एक धानाचा ट्रक गेला.

"माय," धनराज हळू म्हणाला, "तू टाकीत दारू टाकली?"

"दारू नाई. मान दिला."

"किती?"

"होती तेवढी."

"म्हंजे आपन बंदीच्या जिल्ह्यातून टाकीत दारू भरून आलो?"

"पोलिसानं इचारलं का तुले?"

ललिता खाली बसली आन् पदर तोंडाले लावला. तिचे खांदे हलत होते. मले वाटलं रडते. रडत नव्हती.

"मंग आता पंपवाल्याची कॉलर सोड," मी धनराजले म्हटलं, "अन् निकेशले इचार, पाजलेली बाहेर कशी काढाची. मागं जाऊन काय होनार? रोग समजला का औषध असते."

निकेशनं फोनवर सगळं ऐकलं. मग तो म्हणाला, "बाई, मोहाच्या दारूत निम्म्याहून जास्त पानी असते. ते खाली बसलं न इंजिननं आधी तेच पेलं. टाकी पुरी रिकामी करा, अन् कार्बोरेटरच्या खाली एक स्क्रू असन, तो सैल करून आतलं बी काढा."

धनराजनं टाकीतलं सगळं रिकाम्या कॅनमध्ये काढलं. जंगलात ओतू दिलं नाई मी, सुकला पाला पडला होता. स्क्रू सैल केला, आतून चमचाभर पाणी निघालं. कार्बोरेटरच्या तळाची वाटी पुसून परत लावली. सोबत आणलेल्या दुसऱ्या कॅनचं पेट्रोल ललितानं टाकलं. मी बिरजूच्या बाजूला बसून सिलेंडरचा काटा पाहत होती. काटा लाल पट्टीत शिरला होता. मी त्याले म्हटलं, बोलू नको. तो बोलतच नव्हता.

एक. दोन. तीन. चौथ्या ओढीले फुर्र झालं आन् थांबलं. पाचव्याले धरलं. सहाव्यांदा ओढायची गरज पडली नाई.

हवेची मशीन घरघरली. मी नळी बदलली. बिरजूनं दोन-तीन श्वास घेतले, उशीखाली हात घातला आन् फेटा बाहेर काढला.

त्याले मशीनवर ठेवून धनराज एका ट्रकनं वडसाले जाऊन सिलेंडर भरून घेऊन आला. निघताना जनरेटर पिंजऱ्यात ठेवून कुलूप लावलं आन् त्यानं हात पुढं केला. "चावी?"

मी चावी कमरेले खोचली. पण सालेकशाच्या बाजारात गाडी थांबली तवा ललिता उतरली आन् एक छोटं कुलूप आन् तार घेऊन आली. टाकीच्या झाकणाले तार गुंडाळून तिनं ते कुलूप लावलं. त्याची चावी तिच्या मंगळसूत्रात. मी ती मागितली नाई. ती निवड बी माझीच आहे.

पुनवेच्या सकाळी आम्ही डोंगराखाली होतो. गुहेपर्यंत चढायचा दम बिरजूत नाई, ते आम्हाले घरूनच माहीत होतं. धनराज आन् ललिता वर गेले. तो खाली मैदानात खुर्चीवर बसला, डोक्यावर पिवळा फेटा, नाकात नळी, आन् येणारा-जाणारा त्याले "जय सेवा" म्हणून पुढं जाई. तो हात वर करे. शेजारच्या गाडीवाल्यानं दुकानातल्यासारखाच मोठा लाल जनरेटर आणला होता. त्याच्या आसपास कोणी बसत नव्हतं. आमचा बारा पावलांवर होता, साखळीनं बांधलेला, वाऱ्याच्या खालच्या अंगाले.

बिरजू माझ्याकडं झुकला आन् ओठ हलवले.

"सुकरे," तो म्हणाला, "सगळीच त्याले पाजली? मले घोटभर बी नाई ठेवली?"

एकेक शब्द ऐकू आला. जनरेटर मी चांगलाच निवडला आहे.

मी डोंगराकडं पाहत राहिली, जसं काही ऐकूच आलं नाई.